पल्याडचं शिवार

नाथाजी लढाईवरनं घरी आला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. डावा डोळा गेला होता आणि उजव्याला धुक्यातून बघितल्यासारखं दिसे. भर उन्हात समोरचं माणूस ओळखू यायचं, बैलाची शिंगं दिसायची. दिवस कलला की सगळं एक होऊन जायचं. वाळवंटात सुरुंग फुटला तेव्हा त्याच्या पुढं चालणारे दोघं जागच्या जागी गेले होते. "त्या मानानं आपन सुटलो," एवढंच तो सांगायचा. त्याच्या पुढं कुणी विचारत नसे.

वाळव्याच्या अंगाला, कृष्णेपासून हाकेवर त्यांचं रान होतं. थोरला भाऊ लालासाहेब घर बघायचा. त्याची बायको, दहा वर्षांची मुलगी मनू, नाथाजी आणि नाथाजीची बायको रंगूबाई, अशी खाणारी तोंडं. रंगूबाईचं लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच गावात भरतीवाले आले होते. घरातनं एकानं जायचं ठरलं, आणि थोरल्याच्या मागं रान होतं म्हणून धाकटा गेला. चार वर्षं झाली त्याला.

आल्यावर पंधरा दिवस नाथाजी सोप्यात बसून राहिला. मग एका सकाळी उठून म्हणाला, "दादा, मोट मी धरतो."

लालासाहेबानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि चाबूक हातात दिला.

मोटेचं काम हाताला ठाऊक होतं. बैल धावेच्या उतारावरून खाली हाकायचे, मोट वर येऊन पाणी सांडलं की बैल पाठमोरे हटवत पुन्हा विहिरीच्या काठाशी आणायचे. खाली जाताना काही अडलं नाही. हटवताना मात्र काठ किती उरला ते एका डोळ्याला उमगेना. चौथ्या खेपेला डाव्या बैलाचा मागचा पाय काठाच्या दगडावरून सटकला. पाटाशी उभा असलेला लालासाहेब धावत आला, जू धरून लोंबकळला आणि त्यानं बैल पुढं ओढले. दोन दगड विहिरीत पडल्याचा आवाज वर आला.

लालासाहेब खाली बसून बैलाच्या पायावरनं हात फिरवत राहिला. मग वर न बघताच म्हणाला, "जा, भाकरी खाऊन घे."

दुसऱ्या दिवशी चाबूक अर्जुनाच्या, म्हणजे सालगड्याच्या हातात होता.

पौष लागला. शाळूची ज्वारी निसवली, कणसांत दूध भरलं आणि पाखरं उतरायला लागली. गावातली तरणी माणसं पल्टणीत गेलेली, त्यामुळं राखणीला बहुतेक पोरंच. एक दिवस लालासाहेबानं भाकरीच्या गठुळ्यावर गोफण ठेवली.

"पोरांसंगं माळ्यावर बस जा," तो म्हणाला. "वर वारं बी हाय."

नाथाजीनं गोफण उचलली. सात वर्षांचा असताना ह्याच शेतात त्यानं हेच काम केलं होतं.

शेताच्या मधोमध चार मेढी रोवून वर फळ्या टाकल्या होत्या, तोच माळा. वर मनू असायची, शेजारचा आठ वर्षांचा जोतिबा असायचा, आणि ओढ्यापलीकडच्या भूपाल जैनाची राजमती. भूपालचा शाळू उशिराचा होता, त्यात अजून दाणा भरला नव्हता. त्याच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, त्यामुळं राजमती तिसऱ्या प्रहरी जाऊन जेवून यायची आणि बाकीच्यांची पोटं कुरकुरायला लागली तरी ही आपली तृप्त बसायची.

पहिल्या दिवशी नाथाजीनं आवाजाच्या अदमासानं गोफण फिरवली. दगड सूं करून गेला.

"आमच्यात पडला," राजमती म्हणाली.

मग पोरांनीच तोड काढली. पाखरं बसली की मनू सांगायची, "तात्या, आंब्याकडं," नाही तर "तात्या, हिरीकडं." तो तिकडं तोंड करून गोफण सोडायचा. आठवड्याभरात दगड नेमका जायला लागला. थवा उठल्याचा फडफडाट ऐकला की नाथाजीच्या तोंडावर हसू यायचं.

संक्रांत झाली. चंद्र उशिरा उगवायला लागला आणि संध्याकाळी चांगला अंधार पडू लागला. पाखरं झाडावर गेली तरी पोरं लगेच उतरत नसत. रंगूबाई म्हशीची धार काढून, कंदील घेऊन नाथाजीला न्यायला यायची, तोवर सगळी वरच बसायची.

"तात्या," एकदा मनूनं विचारलं, "तितं लढाईवर बी ह्याच चांदण्या दिसत्यात का?"

"ह्याच."

"आनि ही पांढरी वाट?"

"ती बी." नाथाजीनं तोंड वर केलं. मग म्हणाला, "ती वाट न्हाई. उद्या दिवसाउजेडी दावतो काय हाय ती."

हे सगळं त्याला राघवननं सांगितलं होतं. कैरोच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर मद्रासकडचा राघवन होता, पल्टणीत यायच्या आधी शाळामास्तर. त्याचा एक पाय मांडीपासून काढलेला, त्याला झोप यायची नाही. नाथाजीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दोन महिने तो माणूस मोडक्या हिंदुस्थानीत नाथाजीला आभाळ सांगत होता.

दुसऱ्या दिवशी नाथाजीनं पोरांना खाली उतरवून शाळूच्या मधोमध उभं केलं. ताटं त्यांच्या डोक्याच्या वर गेली होती.

"सरळ वर बघा. किती कणसं दिसत्यात?"

"चार," मनू म्हणाली. "पाच."

"आता आडवं बघा, बांधाकडं."

"मोजता येत न्हाईत. म्होरं सगळं पांढरंच झालंय."

"झालं तर. आपन शिवाराच्या आत हुबं हाय. जिकडं शिवार लांबवर पसरलंय तिकडं कणसावर कणीस चढतंय, म्हनून पांढरी वाट दिसती. डोक्यावर दोन-चारच. आभाळात बी तसंच. ती वाट म्हंजे आपलंच चांदण्यांचं शिवार, आतनं बघितल्यालं."

"आनि सूर्य?" राजमतीनं विचारलं.

"त्यो ह्यातलाच एक दाना. कनीस बी न्हवं, दाना."

पोरं ताटांच्या मधून इकडंतिकडं बघत राहिली. जोतिबानं एका कणसातला एक दाणा बोटानं दाबून बघितला आणि खाऊन टाकला.

माळ्यावर चढल्यावर नाथाजीनं ओढ्याच्या दिशेला हात केला. "राजमती, हितनं तुमच्या रानातलं एकेक कनीस दिसतंय?"

"न्हाई. नुस्ता पट्टा दिसतोय."

"तसंच आभाळात दुसरं शिवार हाय. राघवन त्याला ग्यालक्सी म्हनायचा. अशी लय हायत, मोजून सरनार न्हाईत इतकी. पन आपल्या हितनं नुस्त्या डोळ्यानं दिसनारं एकच. पुसट हाय. लांब हाय म्हनून."

"किती लांब?"

"तितला उजेड निघून हितं पोचायला आठ लाख वरसं लागत्यात, असं राघवनच्या बुकात व्हतं."

जोतिबा म्हणाला, "गुरुजींनी आमाला शंभरापातुरच शिकवलंय."

"मग असं धर. आज जो उजेड तुझ्या डोळ्यात शिरंल, त्यो तितनं निघाला तवा हितं गाव नव्हतं. नदी व्हती, पन तिला नाव ठिवायला मानूस नव्हतं."

त्या संध्याकाळपासून पोरं ते शिवार हुडकायला लागली. नाथाजीला खूण पाठ होती. मावळतीला चार चांदण्यांची खाट. खाटेच्या वरच्या कोपऱ्यापासून वर जायचं, दोन चांदण्या मोजायच्या. दुसरीवर थांबायचं, उजवीकडं वळायचं. दोन बारीक चांदण्या लागतील, त्यातल्या लांबच्या बारकीजवळ. पोरांना खाट सापडली, दोन चांदण्या सापडल्या, पण शिवार दिसेना. जोतिबाला तेवढं रोज दिसायचं, आणि रोज नव्या जागी.

अमावास्येच्या संध्याकाळी तिन्ही पोरं माना वर करून बसली होती, नाथाजी मधे. खाली ताटं मोडल्याचा आवाज आला तो त्यालाच पहिल्यांदा ऐकू आला. "काय शिरलं रं?" तो म्हणाला. पोरांना वरनं काळोखात काही दिसेना. तोवर विहिरीकडनं लालासाहेब काठी घेऊन पळत आला. कुणाची तरी सुटलेली म्हैस ओढ्याच्या बाजूनं शिरली होती. तिला हाकलेपर्यंत खोलीभर जागेतला शाळू आडवा झाला होता.

लालासाहेब माळ्याखाली येऊन उभा राहिला. दम लागला होता त्याला.

"वर काय बघत हुतासा?"

"दुसरं शिवार, आबा," मनू म्हणाली. "तात्यानं सांगितलंय. आभाळात हाय."

"दिसलं?"

"न्हाई अजून."

"नाथा, तू बघितलंयस का ते?"

नाथाजी गोफणीची दोरी बोटाला गुंडाळायला लागला.

"मी काय इचारतोय?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला. "राघवन, त्यो पाय गेल्याला मास्तर, सांगायचा तवा डोळ्यावर पट्टी व्हती. सुटली तवापासनं मला चांदनीच दिसली न्हाई."

पोरं त्याच्याकडं बघायला लागली. तो त्यांना खूण सांगायचा, हात करून दिशा दाखवायचा. त्यानं स्वतः बघितलेलं नसेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

लालासाहेबाला पुढं बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं, "म्हंजे सांगनारा लंगडा, ऐकनारा आंधळा, आनि पीक म्हशीच्या पोटात."

जोतिबा फिसकन हसला आणि लगेच थांबला.

दुसऱ्या दिवसापासून लालासाहेबानं मनूला गोठ्याच्या कामाला लावलं. जोतिबाच्या आईनं त्याला धाडलं नाही. भूपालच्या कानावर काही गेलं असेल नसेल, राजमतीही आली नाही. नाथाजी एकटाच गोफण घेऊन निघाला. बांधापर्यंत गेला तेव्हा मागून पायांचा आवाज आला. रंगूबाई शेणाचे हात पदराला पुसत येत होती.

"तू कुटं?"

"पाखरं कोन सांगनार तुमास्नी?" ती म्हणाली.

तिनं कासोटा आवळला आणि त्याच्या आधी माळ्यावर चढली. दिवसभर ती त्याला सांगत होती, "आंब्याकडं," "हिरीकडं," आणि मधल्या वेळात दोघं नुसती बसली होती. लग्नानंतरचं एक वर्ष, मग चार वर्षं कागदाचा तुकडा कधी आला तर आला, आणि परत आल्यापासून रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात हात धरून घरी नेणं. त्या दोघांचं बोलणं एवढंच झालं होतं.

अंधार पडला तेव्हा रंगूबाई उतरायला उठली नाही.

"मला बी सांगा की," ती म्हणाली.

"काय?"

"पोरास्नी सांगत व्हता ते."

"दादा बोलला ते ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं. सांगा."

नाथाजीनं तिचा हात घेतला. तळव्यावर बोटानं चार कोपरे काढले, ही खाट. वरच्या कोपऱ्यापासून मधल्या बोटावरून वर नेत दोन ठिकाणी दाबलं. मग उजवीकडं वळला आणि बोटाच्या कडेवर नखानं दोन बारीक खुणा केल्या. तिचा तळवा कामानं खरबरीत झाला होता. ती मूठ न मिटता तशीच वर बघत राहिली.

पहिल्या दिवशी दिसलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या संध्याकाळी ती बराच वेळ मान वर करून बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "थांबा."

नाथाजी हलला नाही.

"बघाय गेलं की जातंय," ती म्हणाली. "बाजूच्या चांदनीकडं बघितलं की कडंला येऊन बसतंय. परत तिकडं बघितलं की जातंय."

"कसं हाय?"

ती शब्द हुडकत राहिली. "आरशावर तोंडाची वाफ धरावी तसं. लांबट हाय. मधी जरा दाट, कडंनं इरळ."

लांबट, मधे दाट. राघवन अगदी हेच म्हणाला होता, आणि नाथाजीनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. पोरांना नाही, तिलाही नाही. त्यानं मान खाली घातली. गेलेल्या डोळ्यातूनसुद्धा पाणी यायचं त्याच्या, ते गालावरनं मिशीत उतरलं. रंगूबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, मुलाचं पुसावं तसं, आणि पुन्हा वर बघायला लागली.

"अजून हाय," ती म्हणाली.

दोन दिवसांनी रात्री जेवताना मनूनं बापाला विचारलं, "आबा, उद्या माळ्यावर जाऊ?"

"कशाला? नसल्यालं बघायला?"

"हाय ते."

आवाज चुलीपाशी, दाराच्या आडून आला होता. लालासाहेबाचा घास हातात राहिला. रंगूबाई थोरल्या दिराशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. काही सांगायचं तर मनूच्या तोंडून सांगायची. नाथाजीनंही मान वर केली.

"म्या बघितलंय, तीनदा," रंगूबाई म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं कपाळापर्यंत ओढला होता, पण आवाज ठाम होता. "मनूला धाडा. म्हस मी बघते."

लालासाहेब ताटाकडं बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, "कोरड्यास वाढ."

सकाळी नाथाजीच्या गठुळ्यात मनूची भाकरीही बांधलेली होती.

मनूनं मग जोतिबाला ओढून आणलं आणि ओढ्याच्या काठावर उभं राहून राजमतीला हाळी दिली. पण तोवर चंद्र वाढायला लागला होता. "चांदन्यात ते दिसनार न्हाई," नाथाजीनं सांगितलं. "पुनव जाऊ द्या." पोरांनी दहा-बारा दिवस काढले. त्या दिवसांत त्यांनी नाथाजीला पुष्कळ विचारून घेतलं. त्या शिवारात पाखरं असतील का, तिथनं आपलं शिवार दिसत असेल का. "तितं कोन असलं तर त्यास्नी बी आपलं असंच पुसट दिसत असंल," तो म्हणाला. आणि जे माहीत नव्हतं त्याला सरळ सांगायचा, "ते मला ठावं न्हाई. राघवनला बी नव्हतं."

मनूनं एकदा विचारलंच, "तात्या, तुमी बघितलं न्हवतं हे आमाला आदी का न्हाई सांगितलं?"

"तुमी ऐकायचं सोडून द्याल असं वाटलं," नाथाजी म्हणाला. "चुकलं माझं."

माघातली पुनव गेली. शाळू पिवळा पडला, कापणी दोन-चार दिवसांवर आली. पहिल्या अंधाऱ्या संध्याकाळी रंगूबाई धार लवकर उरकून आली. खाट आता पार खाली कलली होती. तिनं मनूची हनुवटी धरून तोंड वळवलं. "तितं बघू नगंस. त्या बारक्या चांदनीकडं बघ, आनि नुस्ती बसून ऱ्हा."

मनू बसून राहिली. मग तिनं काकीचा हात घट्ट धरला.

राजमतीला थोड्या वेळानं दिसलं. "दळताना जात्याभवती पीठ उडून बसतंय तसं हाय," ती म्हणाली. मनूला ते पिसासारखं दिसलं होतं. नाथाजी दोघींना पुन्हा पुन्हा विचारत होता, कोणत्या अंगाला लांब आहे, किती बोटं आहे, मधे किती दाट आहे. त्या सांगतील तसा तो हवेत बोट फिरवायचा.

"आनि तुला रं?" त्यानं जोतिबाला विचारलं.

जोतिबानं मान खाली घातली. "मला न्हाई दिसत," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

नाथाजीनं त्याला मांडीवर ओढून घेतलं. "खरं सांगितलंस, लय चांगलं केलंस. न दिसल्यालं दिसलं म्हनलं की मग खरं दिसलं तरी कळत न्हाई. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी जोतिबाला दिसलं. घरनं हाळी आली तरी तो मान खाली घेईना.

कापणीच्या आदल्या संध्याकाळी लालासाहेब माळ्याखाली येऊन उभा राहिला. मेढी उपटायच्या होत्या, त्या बघायला आलो असं म्हणाला. मेढी हलवून बघितल्या, एका फळीवर मूठ मारली. मग म्हणाला, "कुठंशी हाय गं ते?"

मनू शिडीवरनं सरसर उतरली. ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहिली तेव्हा तिचे हात बापाच्या हनुवटीला पोचले.

"तितं न्हाई आबा. उजवीकडं. आता जरा बाजूला बघा. हलू नगासा."

लालासाहेब हलला नाही. टोपी मागं सरकून पडली तरी त्यानं उचलली नाही. वरनं रंगूबाई आणि दोन्ही पोरं खाली वाकून बघत होती.

"दिसलं?"

"दिसलं," लालासाहेब म्हणाला.

मनूनं टोपी उचलून झटकून त्याच्या डोक्यावर ठेवली. मग पोरं आणि रंगूबाई कंदील घेऊन पुढं निघाली, आणि आभाळातल्या शिवाराची मोठ्यानं बोलणी बांधावरनं ऐकू येत राहिली. मागं दोघं भाऊ उरले. लालासाहेबानं नाथाजीचं कोपर धरलं.

"आता शाळू खळ्यावर पडंल," तो म्हणाला. "मळनी हुस्तवर तितं बी राखन लागंल. तूच बस. पोरास्नी येऊ दे. तितं मोकळं हाय, झाडाची आडकाठी न्हाई."

"बरं."

थोडं चालून गेल्यावर तो थांबला.

"नाथा."

"हं?"

"मला काय दिसलं न्हाई."

नाथाजीनं त्याच्याकडं तोंड वळवलं.

"मान आखडली पार. पोरगी हनुवटी सोडंना. म्हनून म्हनलं दिसलं."

नाथाजीला हसू आलं. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं. "दादा, मला तरी कुटं दिसलंय."

लालासाहेबही हसायला लागला. अंधारात बांधावर उभं राहून दोघं हसत होते. पुढं कंदील थांबला, मागं वळला आणि पुन्हा चालायला लागला.

"पन हाय न्हवं ते?" लालासाहेबानं विचारलं.

"हाय. रंगूनं बघितलंय. तिन्ही पोरांनी बघितलंय."

"मग हाय," लालासाहेब म्हणाला. त्यानं भावाचं कोपर सोडून हात हातात घेतला. "आता बघून. म्होरं पाट हाय."

नाथाजीनं पाय उचलला आणि पाट ओलांडला.